बाहेर इंग्रजी शिकवायला जायचंय? मग हे वाच

हे बघ, विकेंडमध्ये उरकणाऱ्या स्वस्त ऑनलाइन टेफलवर (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण) भरवसा ठेवू नको, त्यात समोर वर्गच नसतो. परवडत असेल तर केंब्रिजचा सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवायचा सर्टिफिकेट कोर्स, कर. किमान १२० तासांचा कोर्स, त्यातले ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं, मागे ट्रेनर वहीत लिहीत बसलेला आणि आपण जरा जास्त बोललो की फीडबॅकमध्ये तेच पहिलं येतं (आपली लेक्चर झोडायची सवय तिथे पार मोडते). फुल टाइम केलास तर ४-५ आठवडे दुसरं काही सुचत नाही.

देश निवडताना मात्र पासपोर्ट बघतात, इंग्रजी कितीही फर्डं असू दे. दक्षिण कोरियाचा ई-२, म्हणजे भाषा शिकवायचा व्हिसा, मुख्यतः ७ इंग्रजी भाषिक देशांच्या नागरिकांसाठी आहे, आपण त्यात नाही. राग येतो, पण जाहिरातीतली पासपोर्टची ती ओळ आधी वाचायची.

पुणे विद्यापीठाचं डिग्री सर्टिफिकेट आत्ताच काढून ठेव, मार्कशीटवर भागत नाही, आणि अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) लागलं तर आधी राज्याचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. पोलीस क्लिअरन्स (आपल्यावर गुन्हा नाही असा दाखला) शेवटी काढ, जुनं झालं की चालत नाही. तोवर कोथरूडात एखादा स्पोकन इंग्लिशचा क्लास पकड, अनुभव सीव्हीत दिसतो. आणि टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू म्हणणाऱ्या शाळेला सरळ नाही म्हण.