पहिली जुनी बाईक घेतोयस ना? मग हे बघ

रंग आणि स्टिकर बघून भुलू नकोस. गोव्यात गाडी खाते ती खारी हवा. मोरजी-कळंगुटकडची असेल तर खाली वाकून चेसिस (गाडीचा सांगाडा), स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि सायलेन्सरचा खालचा भाग बघ. टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मार. तांबडा गंज दिसला की कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग, तुंबत राहणार.

मालकाला आधी सांग, गाडी चालू करून तापवून ठेवू नका; थंड इंजिन सुरू होतं का तेच बघायचंय. पोचल्यावर इंजिनाला हात लावून बघ. माझ्या पहिल्या गाडीचं इंजिन कोमट होतं, मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किका मारून पाय गेला! निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इंजिनातल्या पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत.

काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतील तर ती भाड्याची गाडी. खासगी झाल्याचे कागद नसतील तर सोड. आरसीवर कर्जाचा बोजा नको, आणि गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस.

घेतल्यावर आधी ब्रेक शू, टायर, ऑइल, चेन-स्प्रॉकेट. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाच: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. असला टायर पावसात चोर्ला घाटात नेऊ नकोस रे बाबा. हेडलाइटची सजावट नंतर.