दुसऱ्यासाठी प्रार्थना कशी करायची?

बाळा, "सगळ्यांना आशीर्वाद दे" एवढ्यावर थांबू नकोस. माणसाचं नाव घे, त्याची गरज देवापुढं मांड. शेजारच्या काकूंचं कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात ऑपरेशन असेल तर डॉक्टरांच्या हातांसाठी, उशाशी रात्रभर जागणाऱ्या लेकीसाठी, औषधांच्या खर्चासाठीही माग. पंचगंगेला पूर आला की चिखली-आंबेवाडीच्या लोकांसाठी माग. त्यातले कितीजण चर्चला येतात हे बघायचं नसतं.

बायबलमध्ये, प्रेषित पौलाच्या कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात एपफ्रास भेटतो. हा आपल्या गावच्या लोकांसाठी प्रार्थनेत झगडतो, असं पौल लिहितो. पौल स्वतः तेव्हा कैदेत, तरी काळजी दुसऱ्यांचीच. मला एपफ्रास फार जवळचा वाटतो.

ज्याच्याशी तुझं वाजलंय त्याचंही नाव घे. पहिल्यांदा जीभ जड होईल, होऊ दे. राग लगेच जात नाही, पण ज्याच्यासाठी रोज मागतोस त्याच्याबद्दल वाईट बोलणं अवघड जातं.

आणि कुणी विश्वासानं सांगितलेलं दुखणं विचारल्याशिवाय प्रार्थनासभेत मांडू नकोस. आमेन म्हणून झालं की फोन करून चौकशी कर, डबा लागणार असेल तर घेऊन जा.