फारकत, फुरकत आणि टेरी क्लार्कचं पहिलं गाणं

कॅल्गरीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्या मंडळाच्या कार्यक्रमात अल्बर्टा प्रांतातल्या गायकांची मराठीतून ओळख करून द्यायची आहे. टेरी क्लार्कच्या 'बेटर थिंग्ज टू डू' या १९९५ सालच्या गाण्याबद्दल त्यांनी 'पदार्पणाचं एकल, एक विनोदी विरहगीत' असं लिहिलं. त्यावर घरून हरकत आली, की विरहगीत विनोदी कसं असेल? तेव्हा ब्रेकअप साँगला मराठीत नेमकं काय म्हणावं?

घरची हरकत शंभर टक्के बरोबर आहे. हे 'विरहगीत' प्रकरण मला फार दिवसांपासून खुपतंय. नातं तुटलं की लावा विरहाचं लेबल, असा सगळीकडे धडाका चालला आहे. अहो, विरहात माणूस लांब असतं, पण ओढ संपलेली नसते. 'घनु वाजे घुणघुणा'मधली ज्ञानदेवांची विरहिणी कान्ह्याला लवकर भेटवा म्हणून तळमळते, त्याचं तोंड पाहायचं नाही असं म्हणत नाही. साहित्यदर्पण या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात विश्वनाथाने विप्रलंभाचे, म्हणजे वियोगातल्या शृंगाराचे, पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार मानले. 'तुझं माझं संपलं, नीघ आता' हा पाचवा प्रकार त्यात नाही, कारण तो शृंगाराचा प्रकारच नव्हे.

आता टेरीबाई काय गातात ते पाहा. ज्याच्याशी बिनसलं त्याच्यासाठी रडत बसायला मला वेळ नाही, मला कामं आहेत. कसली कामं? पावसात गाडी धुवायची. गिटारच्या तारा नव्या आहेत तरी बदलायच्या. गवत काल कापलं, ते आज परत कापायचं. गाण्याचा सगळा विनोद या यादीत आहे: कामं एकाहून एक निरर्थक, आणि तरीही त्याच्यासाठी रडण्यापेक्षा मोलाची. टॉम शॅपिरो आणि ख्रिस वॉटर्स यांच्याबरोबर तिनेच हे लिहिलं, आणि बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पहिल्याच गाण्याला! माँट्रियलला जन्मलेली, अल्बर्टातल्या मेडिसिन हॅटला वाढलेली ही मुलगी नॅशव्हिलच्या टूट्सीज नावाच्या बारमध्ये गात गात वर आली होती.

वियोग, ताटातूट, दुरावा हे शब्द सगळ्यांना माहीत आहेत, त्यात वेळ घालवत नाही. 'घटस्फोट' इथे चालणार नाही. लग्न झालेलं नाही हे एक कारण, आणि मुळात घट फोडण्याचा हा विधी नवरा-बायकोचा नव्हेच. पतिताला कुळातून बाहेर टाकताना तो जणू मेलाच असं मानून पाण्याचा घट लाथेने लवंडायचा, असं मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे. बहिष्काराचा हा शब्द पुढे नवरा-बायकोंना चिकटला. 'काडीमोड' गोड आहे, गवताची काडी मोडली की संबंध तुटला, पण तोही लग्नाचाच.

उरली फारकत. आणि हाच शब्द हवा.

पण फारकतीची व्युत्पत्ती सांगताना बरेच जाणकार म्हणवणारे घसरतात. ते सांगतात की हा शब्द अरबी 'फ-र-क' या धातूचा, म्हणजे 'फरक'चा भाऊ आणि उर्दू शायरीतल्या 'फुरकत'ची बहीण. फुरकत म्हणजे प्रियकराचा वियोग. गझलप्रेमींना हे ऐकून भरून येतं आणि मग ते तपासायचं राहून जातं. याच समजुतीपायी 'दोघांच्या म्हणण्यात फारकत आहे' अशी वाक्यं कानावर येतात. तिथे फरक, तफावत, अंतर म्हणा. फारकत म्हणजे फरक नव्हे!

फारकत म्हणजे फारिग अधिक खत. 'फारिग' म्हणजे मोकळा, देण्यातून सुटलेला. 'खत' म्हणजे लेख, दस्त. गहाणखत, खरेदीखत, बक्षीसखत या रांगेतच फारखत उभं आहे. कर्ज फिटलं, भागीदारी मोडली, भाऊ वाटे करून वेगळे झाले, की 'आता तुझं माझ्याकडे काही येणं नाही' असं लिहून द्यायचं, ते फारखत.

पुरावा हवा? हिंदीत 'फारखती' आहे, अर्थ बेबाकी, चुकतीची पावती. गुजरातीत 'फारगती' आहे, अर्थ सुटका आणि घटस्फोट. कुणी म्हणेल, वक्तचा वखत होतो तसा इथेही 'क'चा 'ख' झाला असेल. मान्य, एकटा 'ख' तसा येऊ शकतो. पण एका भाषेत 'ख' आणि शेजारच्या भाषेत 'ग' कसा आला? फारिगमधला 'ग' आणि खतातला 'ख' एकमेकांना भिडले, एकीने हा ठेवला, दुसरीने तो. आणि 'फ-र-क' धातूतून पैसे चुकते केल्याची पावती कशी निघते, हे फुरकतवाल्यांपैकी कुणीही समजावून सांगावं.

मग मराठीत 'क' का? हे तर आपल्या भाषेच्या अंगवळणी पडलेलं आहे. एका शब्दात दोन महाप्राण, म्हणजे ख, थ, भ यांसारखी 'ह'चा जोर असलेली अक्षरं, आली की मराठी पुष्कळदा दुसऱ्याचा जोर काढते. हिंदीत भूख, आपल्याकडे भूक. हिंदीत भीख, आपल्याकडे भीक. हाथचा हात. तसंच फारखतची फारकत. याहून सरळ काय असणार!

क्रियापदही पाहा. विरह सोसतात, दुरावा येतो, फारकत मात्र *घेतात*. माझ्या मते हे 'घेणं' त्या कागदाचं आहे. सावकाराकडून ऋणको फारखत घेतो, म्हणजे देणं संपल्याचा लेख हातात घेतो. सोडचिठ्ठी देणारा वरचढ असतो, फारकतीत घेणारा मोकळा होतो. आजही 'पक्षापासून फारकत घेतली' म्हणताना आपण हेच बोलतो.

आणि यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढेच आहे. अरबीत 'फारिग'चा अर्थ केवळ ऋणमुक्त असा नाही. रिकामा, हातात काम नसलेला, निवांत असाही आहे. ('फुरसत' यातलाच, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, त्याचा धातू वेगळा.) म्हणजे टेरी क्लार्कची नायिका दोन्ही अर्थांनी फारिग आहे! त्या माणसाचं तिच्याकडे काही येणं उरलेलं नाही, आणि हात इतके रिकामे आहेत की कापलेलं गवत पुन्हा कापायला ती मोकळी आहे.

कंट्री संगीतात फुरकत भरपूर आहे. हँक विल्यम्सचं १९४९ सालचं 'आय ॲम सो लोनसम आय कुड क्राय' ऐका, त्याला बेलाशक विरहगीत म्हणा, माझी हरकत नाही. पण त्या गाण्याला आणि या गाण्याला एकच शब्द लावणं म्हणजे दोन्ही गाणी न ऐकणं.

तेव्हा 'फारकतीचं गाणं' म्हणा. 'विनोदी' हे विशेषण त्याला सुखाने लागतं. आणि ते 'पदार्पणाचं एकल' काढून टाका. सिंगल म्हणजे अल्बममधून सुटं काढलेलं किंवा स्वतंत्रपणे आलेलं गाणं. 'एकल' वाचून लोकांना एकट्याने गायलेलं वाटेल. 'टेरी क्लार्कचं पहिलं गाणं' एवढं सगळ्यांना कळतं.