चाकं, भट्टी आणि चकाकी घेऊन परदेशी: कुंभारकामाचा स्टुडिओ हलवणाऱ्या वाचकांचे प्रश्न

आमची २४० व्होल्टची विजेची भट्टी सोबत न्यावी का?

आधी नव्या जागेतला व्होल्टेज आणि फेज (वीज एक-फेज की तीन-फेज) विचारा. तिथे २०८ व्होल्ट मिळत असतील, तर भट्टीची ताकद जेमतेम ७५ टक्के उरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. हजार अंशांपर्यंत ती चढेल, पण पुढे रेंगाळेल आणि पक्क्या भाजणीचे १२२० अंश गाठणारच नाही. एलिमेंट्स (भट्टीतल्या तापणाऱ्या तारा) बदलून ताकद परत मिळते, पण तेवढ्याच ताकदीला अँपिअर जास्त लागतात. म्हणून वायर, रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि ब्रेकरही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. वापरलेली एलिमेंट्स थंड असताना ठिसूळ असतात आणि हादऱ्यांनी तुटतात, तेव्हा नवी तिथे पोहोचल्यावरच बसवा. एकावर एक रचलेल्या कड्या सुट्या होणारी भट्टी नेण्यासारखी असते. एकसंध असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: विकून टाका, तिच्या मऊ विटा प्रवासात टिकत नाहीत.

खोकी लाकडी असतील तर लाकूड आयएसपीएम-१५ (लाकडातली कीड रोखण्याचा आंतरराष्ट्रीय नियम) शिक्क्याचं हवं, म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं.

घरची ग्लेझ (भांड्यावरची काचेसारखी चकाकी) तिथल्या मातीवर चालेल का?

चालेलच असं धरू नका. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसली की जाळीदार तडे पडतात. कमी आकसली तर कडांवरून कपच्या उडतात, आणि खाण्यापिण्याच्या भांड्यात हा दोष अधिक धोक्याचा. शिवाय ग्लेझमधलं खनिज फेल्डस्पार नावाने तेच असलं तरी खाण बदलली की घटक बदलतात.

ग्लेझची १०० ग्रॅमची छोटी मिश्रणं करून पाहा. तडे पडत असतील तर सिलिका (गारेची पूड) ३-३ ग्रॅमने वाढवत जा, कपच्या उडत असतील तर कमी करा. भाजलेला कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी उकळत्या पाण्यात बुडवा (चष्मा आणि हातमोजे घालून, कप फुटूही शकतो). मग शाई चोळून पुसा. बारीक तडेही काळ्या रेषांसारखे उठून दिसतात. असं चार-पाच वेळा करूनही कप स्वच्छ राहिला, तरच ती ग्लेझ विक्रीच्या भांड्यांना लावा.

माती इथूनच न्यावी का?

नको. ओल्या मातीत पाचवा हिस्सा पाणीच असतं, त्याचं भाडं कशाला भरायचं?

वर्ग सुरू करताना काय सांभाळावं?

एका शिक्षकामागे चाकावर सहा-आठ जणच घ्या. सुरुवात ५०० ग्रॅमच्या गोळ्यांनी करा. चाक फिरण्याची दिशा आधी ठरवा: जपानमध्ये ते बहुधा घड्याळाच्या दिशेने फिरवतात, युरोप-अमेरिकेत उलट. दिशा बदलली की हातांची कामंही बदलतात. उलटसुलट बटण असलेली चाकं घेतलीत तर डावखुऱ्यांचीही सोय होते.

नवख्यांची भांडी तळाशी जाड असतात. आत ओल राहिली तर तिची वाफ होऊन भांडं फुटतं आणि शेजारची चारही खराब होतात. म्हणून पहिल्या भाजणीत भट्टी ९० अंशांवर काही तास धरून ठेवा. जमिनीवरची सुकी माती कधीच झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना कायमची इजा करते. नियम पहिल्याच तासाला सांगा आणि स्वतः पाळा.