सोयाबीन पिवळं पडलंय? युरियाची घाई नको

प्रश्न : पेरताना डीएपी दिलं होतं. आठवडाभर झड लागली आणि आता सोयाबीनचे शेंडे पिवळे पडलेत. युरिया फेकावा, की अजून थोडं डीएपी? (परभणी-हिंगोली भागातून हा प्रश्न रोज येतोय.)

उत्तर : दोन्ही पोती राहू द्या, आधी पान बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर कमतरता लोहाची आहे. युरियातून मिळतं ते नत्र कमी पडलं की खालची जुनी पानं आधी पिवळी होतात, कारण झाड त्यांच्यातलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं. लोह तसं हलवता येत नाही. पानांवर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे दिसले, तर तो मोझॅक, म्हणजे विषाणूचा रोग. तशी झाडं उपटून नष्ट करा.

आता खुरप्याने मातीच्या ढेकळासकट एक झाड काढा. ओढून उपटू नका, पांढरी मुळी मातीतच तुटते. बादलीत हळू धुवा. टोकं पांढरीशुभ्र असतील तर मुळी कामावर आहे. तपकिरी, मऊ पडली असतील तर ती गुदमरली आहे. मुळीवरची एखादी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग असला तर ती हवेतला नत्र धरतेय, मग युरिया कशाला?

आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर आहे, पण मुळीला घेता येईल अशा रूपात ते फार थोडं असतं. सोयाबीनची मुळी स्वतः आम्ल सोडते, लोहाचं रूप बदलते आणि मगच ते आत घेते. या कामाला ताकद लागते, ताकद श्वसनातून येते आणि श्वसनाला मातीत हवा हवी. पाणी साचलं की हवा संपते. त्यात जमीन चुनखडीची असेल तर मुळीने सोडलेलं आम्ल चुनाच खाऊन टाकतो. रानातल्या पांढऱ्या खड्यावर लिंबू पिळा. फसफसलं तर तुमची जमीन त्यातलीच.

म्हणून पहिला उपाय चर काढून पाणी बाहेर घालणं. वापसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिकटणार नाही अशी झाली, की कोळपणी करून ओळींमधली माती मोकळी करा, मुळीला हवा मिळेल. मग लोह असलेलं, फवारणीचं ग्रेड-2 सूक्ष्म अन्नद्रव्याचं द्रावण 10 लिटर पाण्यात 50 मिली घेऊन फवारा. पान थेट लोह घेतं, तोवर मुळी सावरते. गरज वाटली तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारा. फरक नव्या पानावर बघा.

डीएपी वरून फेकण्यात मात्र पैसा जातो. नायट्रेटच्या रूपातलं नत्र पाण्याबरोबर वाहत मुळीपर्यंत येतं, पण डीएपीतलं स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकतं आणि चुनखडीत तर लगेच अडकून बसतं. त्याच्यापर्यंत मुळीलाच जावं लागतं, म्हणून ते पेरणीवेळीच बियाण्याच्या खाली, थोडं बाजूला पडलं पाहिजे. पाणी धरणाऱ्या रानात पुढच्या खरिपाला रुंद वरंबा-सरीवर पेरा. झड लागली तरी पाणी सरीतून निघून जाईल आणि वरंब्यावरची मुळी श्वास घेत राहील.