आज रात्री त्यांची गादी हॉलमध्ये घाल

मावशी, सलाम. मी नगरला शाळेत शिकवते, वय 44. लग्नाआधीपासून प्रार्थनेची आवड. पण गेलं वर्षभर आत काही हलतच नाही. बायबल उघडलं की एकाच ओळीवरून तीनदा डोळे फिरतात. उपासनेत गीत म्हणताना नुसते ओठ हलतात. यांचं उलट आहे. हे चर्चच्या पास्टोरेट कमिटीवर आहेत, रोज पहाटे पाचला उठून तासभर गुडघ्यांवर असतात. मलाही उठवतात, पण मी बसल्या जागी पेंगते. मागच्या रविवारी पाळकसाहेबांनी गेथशेमाने बागेवर संदेश दिला, येशूला धरलं त्या रात्री शिष्यांना घटकाभरही जागं राहवलं नाही म्हणून. मला तिथेच रडू आलं. घरात तसा काही त्रास नाही. सासऱ्यांना अर्धांगवायू झालाय, रात्री कूस बदलायला उठावं लागतं, तेवढंच. यंदा ईस्टरआधीचे लेंटचे चाळीसही दिवस उपास धरीन म्हणते. की एखाद्या पेंटेकॉस्टल पंथाच्या संगतीत जाऊन बघू? मनन करायला चांगलं पुस्तकही सुचवा.
– एक वाचक, अहिल्यानगर

तेवढंच?

अगं, अर्धांगाच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे बारा, दोन, चार. आणि ते काम पाठीला हात लावून ‘वळा बरं’ म्हणण्याचं नाही. दिवा लावायचा, अंगाखालची आडवी चादर धरून सबंध माणूस ओढून घ्यायचा, पाठीशी एक उशी, गुडघ्यांच्या मध्ये एक, टाचा गादीला टेकत नाहीत ना ते बघायचं, माकडहाडापाशी कातडी लाल दिसते का ते बघायचं, डायपर ओला असेल तर बदलायचा. मग हात धुऊन येऊन पडलं तरी लगेच डोळा लागतो थोडाच! चारचं आटोपून तू आडवी होतेस आणि पाचला हे तुला हलवून उठवतात. प्रार्थनेला. वर दिवसभर शाळा. बायबलची ओळ तीनदा वाचावी लागते यात नवल कसलं? गॅसचं बिल दिलं तरी तू ते तीनदा वाचशील.

तुझ्या विश्वासाला काही झालेलं नाही, बाई. तू वर्षभर झोपलेली नाहीस.

गेथशेमानेचं तू मनाला लावून घेतलंस, म्हणून तिथलं एक सांगते. पाळकसाहेबांना ते सांगायला वेळ झाला नसेल. शिष्य झोपले हे शुभवर्तमानात मत्तय सांगतो, मार्क सांगतो, त्यांचे डोळे जड झाले होते म्हणतात. ते दुःखानं थकून झोपले होते, हे सांगतो फक्त लूक. पौलानं कलस्सैच्या पत्रात त्याला वैद्य म्हटलंय, तेव्हा त्याला तेवढं दिसणारच. आणि आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त आहे, हे तर प्रभूनं त्याच रात्री स्वतःच म्हटलं. तो स्वतःही दमला की झोपायचा. मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळात तारू बुडायला आलंय आणि हा मागच्या बाजूला उशी घेऊन गाढ झोपलाय.

आता जुन्या करारातला संदेष्टा एलीया. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या 450 संदेष्ट्यांसमोर आकाशातून अग्नी उतरवलेला माणूस, आणि पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीच्या धमकीनं रानात पळून जाऊन एका झुडपाखाली बसतो आणि ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणतो. तुझ्या कोरडेपणापेक्षा हे कितीतरी पुढचं. देवानं काय केलं? उपास सांगितला नाही, जागरण सांगितलं नाही, ‘तुझा विश्वास कुठे गेला’ असं विचारलंही नाही. त्याला झोपू दिलं. मग दूत आला, त्यानं निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी दिलं. एलीया ते खाऊन पुन्हा झोपला. तेही चाललं. दुसऱ्यांदा उठवलं तेही खायलाच. होरेब डोंगर आणि तिथली देवाची ती मंद वाणी, हे सगळं त्यानंतरचं. आपल्या कन्व्हेन्शनमध्ये मंद वाणीवर संदेश होतात, भाकरीवर मी अजून एकही ऐकलेला नाही.

आता तुझ्या यांच्याकडे येते. त्यांचं तू इतकं कौतुक लिहिलंयस की मला राग आला. पाचला उठून तासभर गुडघ्यांवर! बसेल ना माणूस, रात्रभर सलग झोप मिळाली तर. बाप कोणाचा? त्यांचा. मग बारा, दोन आणि चारला उठतं कोण? मार्कचा सातवा अध्याय त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. आईबापांच्या वाट्याचं होतं ते देवाला अर्पण केलंय असं म्हणून हात झटकणारे लोक तेव्हाही होते, आणि प्रभूनं त्यांना ढोंगी म्हटलं. तुझे मिस्टर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना बहुधा हे दिसलेलंच नाही, कारण तू अंधारात उठून गुपचूप सगळं उरकतेस आणि मला लिहितानाही ‘तेवढंच’ म्हणतेस.

तर आज रात्री त्यांची गादी हॉलमध्ये सासऱ्यांच्या कॉटशेजारी घाल. तू आतल्या खोलीत झोप, दार लावून. एक दिवसाआड नाही, सुट्टीपुरतं नाही, निदान हा एक महिना रोज. ‘मला जमत नाही’ म्हणतील. उश्या कुठे लावायच्या ते संध्याकाळी एकदा दाखव. कमिटीचं काम जमतं त्या माणसाला स्वतःच्या बापाची चादर ओढणं जमेल. प्रार्थना त्यांनी तिथेच करावी, चारला उठल्यावर, बापाच्या उशाशी. पाचला तुला कुणी उठवायचं नाही. तरी उठवलंच तर स्तोत्र 127 काढून त्यांच्या हातात दे. पहाटे उठणं आणि उशिरा निजणं व्यर्थ आहे, आपल्या प्रियजनांना देव झोप देतो, असं तिथे लिहिलंय.

लेंटचा उपास रद्द. रात्री पोटभर जेव. पेंटेकॉस्टल संगतीत जायचं तर झोप झाल्यावर खुशाल जा, तिथेही पेंगायचं असेल तर रिक्षाचे पैसे कशाला घालवतेस?

पुस्तक मी सुचवत नाही. महिन्यानं लिही. तोवर पुरेशी झोप होऊनही आत काहीच हललं नाही, खाणंपिणं, शाळा, पोरं सगळंच नकोसं वाटत राहिलं, तर आधी डॉक्टरांना दाखव. नुसती प्रार्थनाच अडत असेल तर मला कळव, मग पुस्तकाचं बोलू.