भूल द्यायची ती लहान मुलांनाच, असं ठरवलं असशील तर

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

भूलशास्त्रातल्या एमडीचं शेवटचं वर्ष, इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयातल्या ड्यूट्या, आणि तरी इतकं सविस्तर पत्र लिहिलंस, बरं वाटलं. तुझे प्रश्न दोनच आहेत: लहान मुलांना भूल देण्याची फेलोशिप, म्हणजे एमडीनंतरचं खास प्रशिक्षण, कुठे करू, आणि इंदूरला परत आले तर काम मिळेल का?

दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेतला डीएम, म्हणजे एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी, तीन वर्षांचा. त्यासाठीची आयएनआय-एसएस ही प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा होते. इंडियन असोसिएशन ऑफ पेडियाट्रिक ॲनेस्थेशिऑलॉजिस्ट्सची फेलोशिप वर्षभराची. पुढे शिकवायचं असेल तर डीएम कर, ऑपरेशन थिएटरमध्येच रमायचं असेल तर चांगल्या केंद्रातलं एक वर्ष पुरतं. अमेरिकेतली फेलोशिपही बारा महिन्यांची आहे, आणि तिथे 2013 पासून या विषयाची स्वतंत्र बोर्ड परीक्षा होते. पण तिथली मूळ रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं पदव्युत्तर प्रशिक्षण, केल्याशिवाय त्या परीक्षेचा रस्ता सहसा खुला होत नाही. परत यायचं असेल तर त्यामागे वर्षं घालवू नकोस.

केंद्र निवडताना नावाला भुलू नकोस. सध्याच्या फेलोंना फोन कर आणि नेमकं विचार: नवजात बाळांच्या केसेस महिन्याला किती येतात? श्वासाची ट्यूब कोण टाकतं, तुम्ही की कन्सल्टंट? कॉडल ब्लॉक, म्हणजे कण्याच्या तळाशी दिलेलं बधिर करणारं इंजेक्शन, स्वतः देता का? हृदयाच्या केसेस, एमआरआय, रात्रीच्या इमर्जन्सी कोणाच्या वाट्याला येतात? नवजात बाळाची श्वासनलिका जेमतेम चार-पाच सेंटिमीटर असते. ट्यूब एक सेंटिमीटर खाली सरकली तर एकच फुफ्फुस फुगतं, वर सरकली तर बाहेर येते. वजनाच्या हिशोबाने बाळाला ऑक्सिजन मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट लागतो, त्यामुळे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, बघता बघता उतरतं. हे बाजूला उभं राहून शिकता येत नाही, हात बसावा लागतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कमी प्रसिद्ध पण फेलोच्या हातात लॅरिंगोस्कोप (घसा उघडून ट्यूब टाकायचं उपकरण) देणारं केंद्र मोठ्या नावापेक्षा चांगलं.

अर्जात ‘मला लहान मुलं आवडतात’ असं लिहू नकोस, सगळेच लिहितात. एखादी केस लिही. तू काय ठरवलंस, का ठरवलंस, पुढच्या वेळी काय बदलशील. शिफारसपत्र विभागप्रमुखांचं असावंच, पण दुसरं अशा व्यक्तीचं घे जिने तुला रात्री काम करताना पाहिलंय.

आता कामाचं. इथे इंदूरला फक्त लहान मुलांच्या केसेसवर महिना भरेल अशा जागा थोड्याच आहेत. चाचा नेहरू बाल चिकित्सालय सरकारी, आणि सरकारी जागा निघेल तेव्हाच निघते. खाजगीत सुरुवातीची काही वर्षं सिझेरियन आणि पित्ताशयाच्या केसेसही कराव्या लागतील. त्यात कमीपणा अजिबात नाही. फ्रीलान्समध्ये पैसे केसप्रमाणे मिळतात आणि बऱ्याचदा उशिरा, म्हणून दर आधी ठरव आणि हिशोबाची वही ठेव. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जन्मजात हृदयदोष, दुभंगलेले ओठ अशा शस्त्रक्रिया होतात, त्या करणाऱ्या रुग्णालयांशी संबंध जोड.

पण नाव होतं ते दुसऱ्याच केसमुळे. दोन वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा अडकलाय, रात्रीचे दोन वाजलेत, ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तो काढणं, करायची आहे आणि त्या एका चिंचोळ्या वाटेवर सर्जन आणि तू दोघंही आहात. अशा वेळी सर्जनला ज्याचा नंबर आठवतो, त्याला या शहरात काम कमी पडत नाही.

रुग्णालयाशी बोलताना पगाराइतकाच आग्रह सामानाचा धर: लहान मास्क, सगळ्या मापांच्या ट्यूब, बाळाला ऊब देणारं वॉर्मर, ऑपरेशननंतर देखरेखीला प्रशिक्षित नर्स. कोणी म्हणेल, ‘थोडं केटामाइन (भुलीचं औषध) देऊन टाका, पाच मिनिटांचंच काम आहे.’ उपाशीपोटाची खात्री नसेल, मॉनिटर नसेल, तर सरळ नाही म्हण, केस हातची गेली तरी चालेल.

अर्जाचा मसुदा आणि लॉगबुक, म्हणजे तू केलेल्या केसेसची नोंदवही, दोन्ही पाठव. मी लॉगबुक आधी वाचेन.

तुझी,
मॅडम